सिंहाची खूण आणि १७९९ हे साल : जुन्या पिस्तुलाची पारख

चिकोडी तालुक्यातील एका शिक्षकांनी चार छायाचित्रे पाठवून विचारले आहे की, ओळखीच्या एका मध्यस्थाकडे चकमकीचे, म्हणजे गारेच्या ठिणगीने बार उडवणारे, एक पिस्तूल विकाऊ आहे. घोडा ज्या लोखंडी पट्टीवर बसवलेला असतो त्या पट्टीवर मुकुट धरलेला सिंह आहे आणि त्याखाली १७९९ हे साल आहे. नळी सुमारे नऊ इंचांची असून मुठीच्या टोकाला पितळी टोपण आहे. हे पिस्तूल एका देसाई वाड्यातून आले, १८२४ च्या कित्तूरच्या लढाईत ते वापरले गेले, असे मध्यस्थ सांगतो आणि पुराव्यादाखल १९३६ सालचा, ‘म्हैसूर राज्य’ असा मथळा असलेला परवाना दाखवतो. हे सर्व खरे मानावे का आणि पिस्तूल घ्यावे का, असा त्यांचा प्रश्न आहे.

सांगितले जाते त्या स्वरूपात हे पिस्तूल घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तथापि पिस्तूलच बनावट आहे, असे मी अद्याप म्हणत नाही. छायाचित्रांवरून एवढेच सिद्ध होते की, साल, कागद आणि कथा यांपैकी कशाचाही दुसऱ्याशी मेळ बसत नाही. वस्तू अस्सल असून तिच्याभोवतीचा मजकूर खोटा असणे आपल्या भागात मला वारंवार आढळले आहे, आणि पूर्णपणे नकली वस्तूपेक्षा अशी ‘सुधारलेली’ अस्सल वस्तू संग्राहकाला अधिक फसवते.

प्रथम सिंहाविषयी. ईस्ट इंडिया कंपनीच्या शस्त्रांवर आधी हृदयाकृती खूण असे. त्या हृदयाचे चार भाग केलेले असत, त्यांत कंपनीच्या नावाची आद्याक्षरे असत आणि वर बहुधा इंग्रजी चाराच्या आकड्यासारखे चिन्ह असे. १८०८ साली ही खूण बदलली आणि तिच्या जागी मागच्या पायांवर उभा राहून पुढच्या पंजांत मुकुट धरलेला सिंह आला. म्हणजे हृदय आणि १७९९ ही जोडी पटण्यासारखी आहे, सिंह आणि १८४० च्या दशकातील एखादे सालही पटण्यासारखे आहे. परंतु सिंह आणि १७९९ एका पट्टीवर एकाच वेळी आले असतील, हे संभवत नाही. मग शक्यता दोनच उरतात. एक तर संपूर्ण पट्टी नंतर कोणीतरी बनवली आहे, किंवा पट्टी अस्सल असून किंमत वाढावी म्हणून साल मागाहून कोरले आहे. माझा कल दुसऱ्या शक्यतेकडे आहे, कारण आपल्या तिसऱ्या छायाचित्रात सिंहाच्या रेषा झिजून मऊ झालेल्या दिसतात, तर आकड्यांच्या कडा अजून धारदार आहेत. एकाच पट्टीवर, एकमेकांपासून अर्ध्या इंचावर असलेल्या दोन खुणा अशा वेगवेगळ्या झिजू शकत नाहीत.

कागदाचा निकाल त्याहून सोपा आहे. १९३६ साली बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता. तो म्हैसूर राज्यात आला १ नोव्हेंबर १९५६ रोजी, त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले १ नोव्हेंबर १९७३ रोजी आणि शहराचे अधिकृत नाव ‘बेळगावी’ झाले १ नोव्हेंबर २०१४ रोजी. या तीन तारखा सीमाभागातील प्रत्येक संग्राहकाने ध्यानात ठेवाव्यात, कारण खोटे कागद तयार करणारा माणूस शाईचा रंग आणि कागदाचा पिवळेपणा साधतो, पण मथळ्यात चुकतो. बेळगाव जिल्ह्यातील १९३६ च्या कागदावर म्हैसूर राज्याचे नाव असेल, तर तो कागद कितीही जीर्ण दिसो, बाजूला ठेवावा. शिवाय अस्सल परवान्यात शस्त्राचे वर्णन असते. ते वर्णन समोरच्या वस्तूशी जुळते का, हे पाहिल्यावाचून खऱ्या परवान्यालाही अर्थ नाही, कारण एका शस्त्राचा खरा परवाना दुसऱ्या शस्त्राला जोडून विकता येतो.

आता कित्तूर. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी कित्तूरच्या लढाईत थॅकरे हा इंग्रज अधिकारी मारला गेला, आणि तेव्हापासून या परिसरातील कोणत्याही जुन्या पिस्तुलाला कित्तूरची कथा चिकटवण्याचा मोह विक्रेत्यांना होत आला आहे. सिंहाची खूण असलेले चकमकीचे पिस्तूल १८२४ मध्ये वापरात असणे अगदी शक्य आहे, म्हणून निव्वळ कालगणनेवरून ही कथा खोटी ठरत नाही. पण शक्य असणे आणि तसे घडलेले असणे यांत मोठे अंतर आहे, आणि ते अंतर केवळ अस्सल कागदच भरून काढू शकतो. कित्तूरसाठी इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाचे म्हणून मला एकदा फिरत्या कोठीचे रिव्हॉल्व्हर दाखवण्यात आले होते. रायण्णाला १८३१ साली नंदगडला फाशी झाली आणि रिव्हॉल्व्हर रूढ करणाऱ्या कोल्टचे पहिले अमेरिकन पेटंट १८३६ चे आहे, एवढे सांगून मी ते परत केले. तांब्याच्या टोपीवर उडणारे पिस्तूल कोणी कित्तूरचे म्हणून दाखवू लागले, तरीही असाच विचार करावा. आघाताने पेटणाऱ्या स्फोटक द्रव्याने बार उडवण्याचे पेटंट फॉर्साइथ या संशोधकाने १८०७ मध्ये घेतले हे खरे. परंतु टोपीची शस्त्रे फौजेत रूढ झाली ती १८४० च्या सुमारास. तेच पिस्तूल १८५८ च्या नरगुंदच्या उठावातील आहे असे कोणी म्हणाले, तर निदान कालगणना आड येत नाही.

कथा आणि कागद बाजूला ठेवले की उरते ते लोखंड, पितळ आणि लाकूड. माझी दृष्टी येथेच तयार झाली. मी अठ्ठावीस वर्षे बेळगावच्या उद्यमबागेतील एका फौंड्रीत पॅटर्न आणि साच्यांचे काम केले, आणि त्यानंतरची वर्षे वाड्यांतून व देवघरांतून आलेल्या जुन्या शस्त्रांची निगा राखण्यात घालवली. त्यामुळे धातू ओतलेला आहे की ठोकून घडवलेला आहे, हा प्रश्न माझ्या मनात सर्वांत आधी येतो, आणि तोच प्रश्न आपणही सर्वांत आधी विचारावा, असे मी सुचवतो.

मात्र हात लावण्यापूर्वी एक गोष्ट न चुकता करावी. ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारूगोळा भरायच्या, शस्त्रात जुना बार तसाच राहिलेला असू शकतो. सोरा, कोळसा आणि गंधक यांची ती काळी दारू कोरडी राहिली, तर पिढ्यान् पिढ्या जिवंत राहते. नळीचे तोंड स्वतःपासून आणि इतरांपासून दूर ठेवून एक सरळ लाकडी काठी अलगद आत सरकवावी, ती थांबेल तेथे नळीच्या तोंडाशी काठीवर खूण करावी, मग काठी बाहेर काढून नळीच्या बाहेरून धरावी आणि तिचे टोक कानापर्यंत, म्हणजे रंजकाची (बार पेटवणाऱ्या बारीक दारूची) आग ज्या बारीक भोकातून आत जाते त्या भोकापर्यंत, पोहोचते का ते पाहावे. टोक कानाच्या बोटभर अलीकडेच थांबत असेल, तर आत काहीतरी आहे असे समजून पिस्तूल तसेच खाली ठेवावे, घोडा ओढू नये, काही कोरून काढू नये आणि पोलिसांना कळवावे. हीच काठी आणखी एक गोष्ट सांगते. शोभेसाठी बनवलेल्या पिस्तुलांत नळी पूर्ण पोकळ नसते किंवा कान आरपार गेलेला नसतो.

चकमकीच्या पिस्तुलाची बाजूची पट्टी, घोडा आणि चकमक जिच्यावर आपटते ती पोलादी झडप हे भाग त्या काळी ठोकून घडवले जात आणि कानशीने घासून आकाराला आणले जात. नकली वस्तूत हेच भाग ओतलेले असतात. वाळूच्या साच्यातून निघालेल्या भागावर दोन पेट्यांच्या सांध्याची बारीक रेघ राहते. ती वरच्या बाजूने घासून टाकतात, पण घोड्याच्या मानेच्या आतल्या वळणात, पट्टीच्या मागच्या बाजूस आणि स्क्रूच्या भोकांच्या काठाशी ती हमखास सापडते. ओतीव पृष्ठावर टाचणीच्या टोकाएवढी वायूची छिद्रे असतात, आणि ती गंजाने पडलेल्या खड्ड्यांसारखी नसतात. वायूचे छिद्र गोल आणि आतून गुळगुळीत असते, गंजाचा खड्डा वेडावाकडा असून त्याच्या तळाशी काळा, कठीण थर बसलेला असतो. दहा पटींचे साधे भिंग यासाठी पुरेसे आहे. जुन्या घडीव लोखंडात धातुमळीचे धागे असतात, त्यामुळे ते गंजले की लाकडाच्या रेषांसारखे उभे तंतू उघडे पडतात. नळीच्या खालच्या बाजूस असे तंतू दिसले तर मला मोठा दिलासा वाटतो, कारण गंजातून उमटलेले असे तंतू आजच्या पोलादावर आणणे फार कठीण आहे.

येथे नवशिका संग्राहक एक चूक करतो, ती सांगणे आवश्यक आहे. मुठीचे टोपण, चापाभोवतीची कडी आणि बार ठासण्याचा गज ज्यांत बसतो त्या नळ्या हे पितळी भाग अस्सल पिस्तुलातही ओतलेलेच असत. त्यांवर ओतकामाची खूण दिसली म्हणून वस्तू नाकारणे अन्यायाचे होईल. पितळेत पाहावयाचे ते हे की, ओतल्यानंतर त्यावर कानशीचे काम झाले आहे का आणि त्या कानशीच्या रेघा हाताच्या चालीप्रमाणे किंचित वाकड्या, कमीजास्त खोल आहेत का. ग्राइंडरच्या चाकाच्या रेघा एकसारख्या आणि समांतर असतात.

खुणांकडे वळताना रेघेचा तळ पाहावा. ठशाने मारलेल्या खुणेच्या काठाशी बाजूला सरकलेल्या धातूचा अस्पष्ट उंचवटा असतो. कोरणीने कोरलेली रेघ तळाशी अरुंद आणि वर रुंद असते, व तिच्या टोकाशी कोरणी उचलल्याची निमुळती शेपटी दिसते. आम्लाने खाल्लेल्या अक्षराचा तळ सपाट आणि खरबरीत असतो. खूण पट्टीबरोबरच ओतलेली असेल, तर तिच्या सर्व कडा गोल असतात आणि तळ बाजूच्या पृष्ठाइतकाच दाणेदार दिसतो. आपल्या पिस्तुलावरील १७९९ या आकड्यांचे असे एक छायाचित्र हवे आहे, उजेड एका बाजूने तिरपा पाडून काढलेले. आकड्यांच्या तळाशी उघडे, उजळ लोखंड दिसले आणि सिंहाच्या रेषांत मात्र काळा थर असला, तर साल कधी आले हे वेगळे सांगावे लागणार नाही.

कंपनीची नव्हे, तर खासगी कारागिरांनी बनवलेली पिस्तुलेही या भागात बरीच येतात. त्यांच्यासाठी नळीवरील चाचणीच्या खुणा अधिक बोलक्या असतात. लंडनच्या बंदूककारांच्या संघाच्या खुणांत मुकुटाखाली जी.पी. आणि व्ही ही अक्षरे असतात. बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३ मध्ये स्थापन झाले, म्हणून मुकुट, फुलीसारखे राजदंड आणि बी.पी.सी. ही अक्षरे असलेली नळी त्याआधीची असू शकत नाही. बेल्जियममधील लिएजच्या नळ्यांवर लंबगोलात ई.एल.जी. अक्षरे असतात, आणि त्या लंबगोलावर मुकुट असेल तर नळी १८९३ नंतरची. देशाच्या नावासह ‘मेड इन’ असे शब्द कोठेही आढळले, तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपूर्वीचा दावा सोडून द्यावा.

लाकडाबद्दल मी जरा अधिक लिहितो, कारण धातूवर मेहनत घेणारा नक्कलकार लाकडाकडे सहसा दुर्लक्ष करतो. इंग्रजी पिस्तुलाचा दस्ता बहुधा अक्रोडाचा असतो. येथे दुरुस्त झालेल्या दस्त्यात शिसव किंवा सागाचे ठिगळ असू शकते आणि ते दोष मानण्याचे कारण नाही. यंत्रणा बाहेर काढल्यावर जी खोबण दिसते, ती खरा पुरावा देते. जुन्या खोबणीचे कोपरे पटाशीने काढलेले, टोकदार असतात. यंत्राने काढलेले कोपरे गोल असतात. दीड-दोनशे वर्षे तेल मुरून आणि लोखंडाचा संपर्क होऊन आतले लाकूड काळपट झालेले असते, आणि ते काळेपण लोखंड जेथे टेकते तेथे अधिक, जेथे टेकत नाही तेथे कमी असते. सगळीकडे सारखा तपकिरी रंग दिसला तर तो लावलेला आहे. लाकूड आडव्या दिशेने आक्रसते, पितळ आक्रसत नाही, म्हणून जुन्या पिस्तुलात पितळी टोपणाची कड लाकडाच्या किंचित बाहेर आलेली बोटाला लागते. किड्यांची भोके आतून वळणे घेत जातात. सुई सरळ आत जाऊन सरळ तळाला लागत असेल, तर ते भोक ड्रिलने पाडलेले आहे.

ही वस्तू कोठे राहिली होती, याचाही गंजाशी मेळ बसला पाहिजे. खानापूरच्या पावसाळी भागात माळ्यावर पडून राहिलेले लोखंड आणि अथणीच्या कोरड्या हवेत पेटीत राहिलेले लोखंड एकसारखे गंजत नाही. विक्रेता अथणीकडचा वाडा सांगत असेल आणि नळीवर मात्र सर्वत्र एकसारखा, नारिंगी, बोटाला पूड लागणारा गंज असेल, तर तो मिठाने किंवा आम्लाने अलीकडे आणलेला आहे असे समजावे. खरा जुना गंज गडद, कठीण आणि विषम असतो, आणि लाकडाखाली झाकलेल्या भागावर तो सहसा कमी असतो.

आपल्या घराण्यांतील शस्त्रांची आणखी एक खूण बाहेरच्या तज्ज्ञांच्या लक्षात येत नाही. खंडेनवमीला ज्या शस्त्राची पिढ्यान् पिढ्या पूजा झाली, त्याच्या सांध्यांत हळद, कुंकू आणि तेल यांचा एक कठीण, जवळजवळ काळा झालेला थर साचतो. तो स्क्रूच्या खाचेत, कडीच्या आतल्या बाजूस आणि लाकूड व धातू यांच्या फटीत असतो. हल्ली विक्रेते मुद्दाम कुंकू लावून आणतात. ते वरवर असते आणि ओल्या कापसाच्या बोळ्याने लगेच सुटते. म्हणून देसाई वाड्यातील म्हणवणारे पिस्तूल चिंच आणि राखेने लखलखीत घासून आणलेले दिसले की, मला हळहळ वाटते. त्या घासण्यात तो थर जातो, आणि त्याबरोबर त्या घराण्याचा एकमेव पुरावाही जातो.

विसंगती दिसली म्हणजे वस्तू नकली, असा निष्कर्ष मात्र घाईने काढू नये. वापरात राहिलेल्या शस्त्रात विसंगती असणारच. चकमकीची कित्येक पिस्तुले पुढे टोपीवर चालणारी करून घेण्यात आली. त्यांच्या पट्टीवर जुन्या झडपेच्या कमानीचे बुजवलेले भोक दिसते, आणि अशी पिस्तुले पूर्णपणे अस्सल असतात. प्रश्न एवढाच विचारावा की, या विसंगतीला वापराचे कारण आहे का. याच्या उलट प्रकारही होतो. चकमकीच्या पिस्तुलाला बाजारात अधिक किंमत येते, म्हणून टोपीचे पिस्तूल पुन्हा चकमकीचे केले जाते. अशा वेळी रंजकाची वाटी, झडप आणि घोडा नवे असतात, कानाशी भरणीचा किंवा वेल्डिंगचा डाग असतो, आणि चकमकीच्या ठिणग्यांनी व रंजकाच्या जाळाने वाटीजवळ नळीला जी झीज यायला हवी, ती आलेलीच नसते. झडपेच्या तोंडावर गारेचे उभे ओरखडे नाहीत आणि तरीही पिस्तूल लढाईत वापरले होते, असे कोणी सांगत असेल तर ते स्वीकारू नये.

मी स्वतः याच प्रकारात एकदा फसलो आहे. एका फिरत्या विक्रेत्याकडून मी घेतलेल्या पिस्तुलाची नळी अस्सल होती, दस्ता अस्सल होता, पितळही अस्सल होते. मी पट्टी खोलून पाहिली नाही, कारण स्क्रू घट्ट होते आणि विक्रेत्याला बस पकडायची होती. घरी आल्यावर तेल सोडून, दोन दिवस थांबून स्क्रू काढले, तेव्हा त्यांचे आटे आजच्या मेट्रिक मापाचे निघाले. त्या काळचे स्क्रू बंदूककार स्वतः बनवत असे. त्यांचे आटे एकमेकांशीही तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून कोणता स्क्रू कोणत्या भोकाचा हे कळावे यासाठी कारागीर कानशीने लहान खाचा करून ठेवत. तशाच खाचा पट्टीच्या आत आणि नळीच्या खाली असतील आणि त्यांची संख्या जुळत असेल, तर ते भाग सुरुवातीपासून एकत्र आहेत असे मानण्यास हरकत नाही. तेव्हापासून पट्टीची मागची बाजू पाहू न देणाऱ्याकडून मी काहीही घेत नाही.

धातूची तपासणी यंत्राने करून घ्यायची असेल, तर क्ष-किरणांवर चालणारे हातातले यंत्र वापरावे, कारण त्याने डाग पडत नाही. आमच्या फौंड्र्यांतील स्पेक्ट्रोमीटर ठिणगी पाडून मोजतो आणि पृष्ठावर कायमचा जळका ठिपका ठेवतो, म्हणून तो येथे वापरू नये. आजच्या सर्वसाधारण पोलादात मँगेनीज ठळकपणे असते, जुन्या घडीव लोखंडात ते अत्यल्प असते. एवढा एक आकडा पुष्कळ शंका मिटवतो.

कायद्याची बाजू थोडक्यात. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ मध्ये जुन्या धाटणीच्या, पुरातन मूल्याच्या किंवा नादुरुस्त शस्त्रांना सूट आहे. पण दुरुस्त करून किंवा न करता, कशाही प्रकारे ते बंदूक म्हणून वापरता येऊ नये, अशी अट आहे. जुने आहे म्हणून परवाना लागत नाही, हा समज म्हणूनच चुकीचा आहे. ज्याची नळी आणि यंत्रणा शाबूत आहे, त्या पिस्तुलाबाबत आधी जिल्हा प्रशासनाकडे लेखी विचारणा करावी आणि लेखी उत्तर घ्यावे. निपाणीहून कागलकडे निघालात की राज्य बदलते, आणि परवाना कोणत्या क्षेत्रापुरता वैध आहे हा प्रश्न तेथे उभा राहतो, म्हणून दाखवण्यासाठी म्हणून पिस्तूल गाडीत घालून कोल्हापूरला नेऊ नये. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदाही लागू होतो. त्यानुसार अशा वस्तूंचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. मध्यस्थाकडे तो परवाना आहे का, हे आपण विचारावे.

आता आपल्या पिस्तुलाचे काय करावे? बयाणा देऊ नये. नऊ इंचांची नळी घोडदळाच्या पिस्तुलाशी जुळते. तशा पिस्तुलाचा अंतर्व्यास सुमारे ०.६५ इंच, म्हणजे साडेसोळा मिलिमीटर असतो, तो व्हर्नियरने मोजावा. पट्टीची मागची बाजू, नळीची खालची बाजू, दस्त्यातली खोबण आणि तिरप्या उजेडातील साल अशी चार छायाचित्रे मला पाठवावीत. मध्यस्थाने पट्टी काढू दिली आणि आतल्या खाचा जुळल्या, तर १७९९ आणि कित्तूर ही दोन्ही बाजूला ठेवून, १८०८ नंतरचे कंपनीचे एक साधे घोडदळी पिस्तूल, मागाहून साल कोरल्यामुळे मोल घटलेले, एवढ्याच दराने त्याची बोलणी करावीत. काढू दिली नाही, तर पुढे बोलण्यासारखे काही राहत नाही.